पत्रिकेवरचे पहिले नाव

कोर्टाचा अमीन समन्स घेऊन दुकानात आला तेव्हा मी एका म्हातारीशी तिच्या फुटक्या तपेल्यावरून हुज्जत घालत होतो. ती म्हणत होती पितळ जाड आहे, आणि मी म्हणत होतो की तळाला पितळ कमी आणि डाख दिलेले कथीलच जास्त आहे. अमिनाने मध्येच कागद पुढे केला. घरपट्टीचा असेल असे समजून मी सही केली आणि मग वाचायला घेतला. वादीच्या जागी माझ्या थोरल्या भावाचे नाव होते, प्रतिवादीच्या जागी माझे. म्हणणे असे होते की मी धंदा वडिलांच्या मागे राहिलेली भांडी विकून सुरू केला, त्या धंद्यातून हे घर आणि पुढच्या बाजूचे हे दुकान घेतले, सबब दोन्ही एकत्र कुटुंबाची आहेत. निम्मा हिस्सा वाटून मिळावा.

म्हातारीने मागितलेला भाव मी देऊन टाकला. त्याचा तिलाच संशय आला. वळून वळून माझ्याकडे पाहत ती पायऱ्या उतरली.

त्या दुपारी मी दुकान बंद करून घरातून फिरलो. निम्मे म्हणजे कुठून निम्मे, हे मला कळेना. भिंत माजघरातून येईल की स्वयंपाकघरातून? मागे विहीर एकच होती. कोर्टाचा माणूस दोरी घेऊन येईल, एक टोक दाराला धरील, एक विहिरीला, आणि दोरीच्या पलीकडे जे पडेल ते माझे नसेल. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. ती विचारत राहिली, बाबा, काय शोधताय. मी म्हणालो, काही नाही.

आमचे घराणे तंजावरच्या राजवाड्याच्या आधाराने जगलेले. इंग्रजांनी राज्य खालसा केल्यावर आजोबांना राजवाड्याकडून मिळणारी नेमणूक आटत गेली आणि वडिलांच्या वाट्याला तिच्या गोष्टी तेवढ्या आल्या. वडील गेले तेव्हा आम्ही कुंभकोणममध्ये भाड्याच्या घरात राहत होतो. थोरला भाऊ अण्णा इंग्रजी शिकला होता, तो तालुका कचेरीत कारकून झाला. मी शिकलो नव्हतो. मी गोणी खांद्यावर टाकून मोड गोळा करू लागलो, म्हणजे गावोगावची फुटकी-तुटकी पितळेची भांडी. तिरुभुवनम्, तिरुविडैमरुदूर, तिरुप्पनंदाळ, सगळीकडे पायी. गोळा केलेली मोड मी ओताऱ्यांना, म्हणजे ती वितळवून नवी भांडी ओतणाऱ्यांना, विकत असे. पहिली उचलही मला एका म्हाताऱ्या ओताऱ्यानेच दिली होती. वडिलांच्या घरची भांडी मी विकली नव्हती, विकण्याजोगी भांडी त्या घरात नव्हतीच. मी गोणी घेऊन मोठ्या रस्त्याने येताना दिसलो की अण्णा रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जात असे. हे मी विसरलेलो नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही.

पुढे दुकान झाले; मोड ओतवून घेऊन नवी भांडी मी स्वतःच विकू लागलो. पुढे घर झाले, तेही प्रतिष्ठित लोकांच्या रस्त्यावर. घर घेतले त्याच्या आदल्या वर्षी माझी बायको वारली. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती.

वकील शोधायचा होता. भांडे घेताना मी ते बोटाने वाजवून पाहतो. फुटलेले असेल तर आवाज बसका येतो. वकिलांनाही असेच वाजवून पाहायचे मी ठरवले.

पहिला वकील गावातला सर्वांत मोठा. त्याच्या दिवाणखान्यात जमीनदार बसले होते. त्याने माझी हकीकत हातातल्या घड्याळाकडे पाहत ऐकली आणि फीचा आकडा सांगितला. मी त्याच्या निम्म्यावर आलो. माझ्या हिशेबाने ही बोलण्याची सुरुवात होती. पण जमीनदार वळून माझ्याकडे पाहू लागले. वकील आपल्या गुमास्त्याला शांतपणे म्हणाला, "रायरना भाजीबाजाराची वाट दाखव." तमिळ लोक आम्हा मराठी माणसांना रायर म्हणतात, एरवी त्यात मान असतो.

मी उठलो आणि म्हणालो, "बाजार बरा. तिथं वांगं निदान दाबून बघू देतात."

एक जमीनदार हसला. मला फार बरे वाटले. ते बरे वाटणे आठ दिवस टिकले. अण्णाचा दावा एका नवशिक्या वकिलाने दाखल केला होता. आठ दिवसांनी त्याच्या जोडीला हा मोठा वकील उभा राहिला. फी त्याने निम्मीच घेतली असे माझ्या कानावर आले.

दुसरा वकील आपल्यातलाच, घरी मराठी बोलणारा. त्याने मला झोपाळ्यावर बसवले, कॉफी दिली. "भावाभावांनी कोर्टात उभं राहायचं म्हणजे काय," तो म्हणाला. "मी अण्णांना ओळखतो. एक खोली, वरचा मजला, असं काहीतरी सोडून द्या. मी मध्ये पडतो." मग सहज विचारल्यासारखे विचारले, "खरेदीखत घरीच ठेवलंय ना?" तेवढ्यात आतून त्याच्या बायकोचा आवाज आला आणि मला आठवले की ती आमच्या वैनीची मावसबहीण. मी कॉफी संपवली. खरेदीखत कुठे आहे ते मलाच आठवत नाही असे सांगून बाहेर पडलो. घरी येईपर्यंत दोनदा मागे वळून पाहिले.

तिसरा वकील मोठ्या देवळाच्या मागच्या गल्लीत राहत असे. दम्याचा रोगी, वैशाखातही खांद्यावर शाल. पक्षकारांना ओट्यावरच बसवत असे. त्याने दाव्याची नक्कल सावकाश वाचली, चिमूटभर तपकीर ओढली आणि विचारले, "यात खरं काय आहे?"

"काहीच नाही."

"मग तुम्हाला वकील कशाला पाहिजे, रायर? देवळात जा. दाव्यात काहीतरी खरं असतंच. तुम्हाला दुखेल असं जे आहे ते आधी सांगा. चांगलं काय आहे ते मी माझं शोधीन."

मला माणूस आवडला. आवाज बसका नव्हता. फीवर आम्ही भांडलो, पण तो चिडला नाही, थकल्यावर म्हणाला, "तुमच्याशी भांडायचे पैसे वेगळे लावायला हवेत." शेवटी टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरले आणि मी वकीलपत्रावर सही केली.

मग तो दर रविवारी सकाळी मला बसवून पहिल्या गोणीपासूनची हकीकत विचारू लागला. कोणत्या गावाला आधी गेलो, बरोबर कोण होते, ओताऱ्याने उचल दिली तेव्हा कोण हजर होते. एकच गोष्ट तीन रविवारी तीन बाजूंनी विचारी आणि उत्तर जरा बदलले की पेन्सिल थांबवी. दर वेळी उठताना तोच प्रश्न. "दुखणारं काही राहिलंय?"

मी म्हणे, "नाही."

राहिले होते. पण सारा जन्म मी ज्या धंद्यात घालवला त्यात भांड्याला भोक असेल तर ते विकणारा दाखवत नाही, घेणाऱ्याने शोधायचे असते. वकिलाला मी पैसे देत होतो, तो माझा माणूस होता, हे डोक्याला कळत होते. तोंड उघडले की मात्र तो मला समोरच्या बाजूचाच वाटे. शिवाय, वकिलाला सांगितले ते गुमास्त्याच्या कानावर जाणार आणि गुमास्त्याचे तोंड काही मी विकत घेतले नव्हते.

तारखा पडत गेल्या. वर्ष उलटले. स्वयंपाकघरावरची कौले फुटली, मी ती बदलली नाही. कोणाचे घर शाकारतो आहोत हे माहीत नसताना हात पुढे होत नाही. दुकानात कोणी खाकी कपड्यातला आला की माझ्या हातून तोलात चूक होई. अण्णा कधीकधी आमच्या रस्त्याने जाई आणि आता बाजू बदलत नसे. उलट थांबून वरच्या मजल्याकडे पाही. एकदा मुलगी म्हणाली, "अण्णाकाका खिडक्या मोजतोय." तिने ते गमतीने म्हटले होते. मी तिच्यावर असा ओरडलो की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग एक दिवस वकिलाचा गुमास्ता दुकानात आला. "बोलावलंय. छत्री घेऊन चला."

"पाऊस कुठं आहे?"

"तिकडे ओट्यावर आहे."

वकिलाच्या हातात एक जुनी छापील पत्रिका होती, कोपऱ्यांना हळद लावलेली. अण्णाच्या बाजूने ती कोर्टात दाखल झाली होती. सोबत इंग्रजी भाषांतरही होते, पण मूळ मराठीत. "वाचा," तो म्हणाला. "भाषांतर खोटं आहे असं तुमच्या तोंडून ऐकायला मला आवडेल."

त्याने भाषांतराचा अर्थ तमिळमध्ये सांगितला; ते खोटे नव्हते. ती आमच्या वास्तुशांतीची पत्रिका. आमचे येथे नूतन गृहाची वास्तुशांती योजिली आहे, तरी आपण सहकुटुंब येऊन शोभा वाढवावी. खाली मोठ्या अक्षरांत अण्णाचे नाव. त्याखाली बारीक अक्षरांत माझे.

"ही कोणी छापली?"

"मी."

"मसुदा कोणाच्या अक्षरात?"

"माझ्या."

"तोही त्यांनी दाखल केलाय. भावाकडे तपासायला दिला होतात, त्यानं जपून ठेवला." त्याने तपकिरीची डबी बंद केली. "आणि पूजेला कोण बसलं?"

"अण्णा आणि वैनी."

त्याचा श्वास शिटीसारखा वाजत होता. मग म्हणाला, "वर्षभर रायर मला मोड विकत होते आणि मी नवं भांडं म्हणून घेत होतो."

मी म्हणालो, "माझी बायको नव्हती. विधुर माणूस एकटा यजमान म्हणून कसा बसणार? म्हणून थोरला भाऊ जोडीनं बसला. आणि जो बसणार त्याचं नाव पत्रिकेवर."

त्याचा चेहरा सैल झाला. "हे खरं कारण आहे. आमच्यातही पत्नीवाचून चालत नाही. पण हे तुम्ही पहिल्याच रविवारी सांगितलं असतं तर मी कैफियतीत लिहिलं असतं. आता ती मागाहून सुचलेली सबब दिसेल." त्याने लिहायला घेतले आणि मान वर न करता विचारले, "याच्या पलीकडे काही?"

"नाही."

पुन्हा तेच. याच्या पलीकडेही होते. आमच्या लोकांत बायको नसलेला माणूस कमरेला सुपारी खोचतो आणि धर्मकृत्याला बसतो. सुपारी पत्नीच्या जागी. माझ्या वकिलाला हा प्रघात ठाऊक नव्हता. वास्तुशांतीच्या आधी उपाध्यायांनी मला तसे सुचवलेही होते, सुपारी हातावर ठेवली होती. मी ती परत केली आणि म्हणालो, अण्णाच बसेल. उपाध्याय आता वारले होते. त्या वेळी खोलीत तिसरा माणूस एकच होता, तो अण्णा. ती गोष्ट त्याला आठवत असेल का, एवढ्या एका प्रश्नावर माझे घर टांगलेले आहे असे मला वाटू लागले. आठवत नसेल तर मी वाचलो. वकिलाला सांगावे असे दोनदा मनात आले. एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊनही आलो. पण सुपारी का परत केली, हे त्याने पुढे विचारले असते, आणि ते मला कोणालाच सांगायचे नव्हते.

अण्णाची जबानी माझ्या आधी झाली. मी खोटारड्या माणसाची तयारी करून गेलो होतो. तो खोटे फारसे बोललाच नाही. माझ्या वकिलाने विचारले, घर घेताना तुम्ही पगारातून काही घातलंत? तो म्हणाला, नाही. वडिलांची कोणती भांडी विकली गेली? त्याला सांगता आले नाही. विकली असतील असे वैनी म्हणते, इतकेच. मग वकिलाने विचारले, "तर मग घर तुमचं कशावरून?"

अण्णाने न्यायाधीशांकडे पाहिले. "मी हातात पाणी घेऊन संकल्प सोडला," तो म्हणाला. "अग्नीपुढे बसून माझ्या गोत्राचा, माझ्या नावाचा उच्चार केला. परक्याच्या घरासाठी असा संकल्प कोणी सोडतं का? मला बसवलं, मी बसलो. त्या दिवशी सगळं गाव मला म्हणालं, छान घर झालं. माझ्या धाकट्यानं कोणालाही अडवलं नाही."

त्याचा आवाज जड झाला होता. तो हे मनापासून मानत होता. तेव्हा मला जी भीती वाटली ती समन्स आले त्या दिवशीही वाटली नव्हती. खोटे बोलणाऱ्याला आज ना उद्या कोणीतरी पकडतो. याला कोण आणि कसे पकडणार?

माझी पाळी आली. वकिलाने व्हरांड्यात मला बजावले होते, "तो मोठा वकील तुम्हाला चिडवणार. त्याचं सगळं भांडवल तुमच्या रागात आहे हे त्याला माहीत आहे. प्रत्येक उत्तराच्या आधी खांद्यावरचं उपरणं नीट करा. राग आला तर दोनदा करा."

मोठा वकील उलटतपासणीला उठला. "तुम्ही फुटकी भांडी घेऊन नवी म्हणून विकता?"

मी उपरणे नीट केले. "ओतून नवी केल्यावर विकतो."

"आणि आता फुटकी हकीकत ओतून आणलीत."

कोर्टात हशा झाला. मी उपरणे दोनदा नीट केले.

"पत्रिका तुमच्या अक्षरावरून छापली?"

"हो."

"पहिलं नाव भावाचं का?"

"माझी बायको नव्हती. विधुराला जोडीवाचून बसता येत नाही. जो बसला त्याचं नाव."

त्याने पटल्यासारखी मान हलवली, कागद चाळले, बसायला वळला. मी उपरण्यावरचा हात काढला. मग वळलेल्या पाठीनेच त्याने विचारले, "तुमच्या लोकांत बायको नसलेला माणूस कमरेला सुपारी खोचून बसतो, हे खरं की खोटं?"

माझ्या वकिलाने झटकन मान वर केली. मी अण्णाकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहत होता.

"खरं."

"उपाध्यायांनी तशी सुपारी तुमच्या हातावर ठेवली होती?"

"हो."

"तुम्ही परत केलीत?"

"केली."

"म्हणजे बसता येत होतं, सुपारी हातात होती, तरी तुम्ही बसला नाहीत. कारण घराचा कर्ता कोण हे तुम्हाला ठाऊक होतं. कर्ता तुमचा भाऊ होता."

उपरणे खांद्यावरून केव्हा पडले मला कळले नाही. मी ओरडलो, "नाही. माझ्या नावानं बोलावलं असतं तर त्या दिवशी माझ्या घरात एक माणूस आला नसता."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. आता थांबता येत नव्हते.

"मी मोडवाला होतो. त्या रस्त्यावर मोडवाल्याकडे पंक्तीला कोण येणार? अण्णा कचेरीतला. त्याचं नाव वर घातलं म्हणून तहसीलदाराकडचे आले, हेडमास्तर आले, शेजारचे दोन्हीकडचे आले. सुपारी लावून मी एकटा बसलो असतो तर त्यांनी दारातूनच तोंड फिरवलं असतं. मला माणसं पाहिजे होती. म्हणून मी त्याचं नाव घेतलं. घर दिलं नाही."

न्यायाधीश स्वतः विचारू लागले. "घर भावाचं आहे असं लोकांनी समजावं, अशी तुमची इच्छा होती?"

माझ्या वकिलाने डोळे मिटून घेतले होते. या प्रश्नाच्या एका बाजूला घर होते आणि दुसऱ्या बाजूला शपथ, आणि मला कोणत्याच बाजूचा तळ दिसत नव्हता. मी म्हणालो, "हो. त्या दिवसापुरती."

"हे त्या दिवसापुरतं आहे, असं भावाला सांगितलं होतं?"

"नाही."

त्यांनी ते लिहून घेतले. लेखणीचा आवाज मला ऐकू येत होता.

बाहेर व्हरांड्यात वकील खांबाला टेकून उभा राहिला. छातीवर हात दाबून तो दम खात होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही जिंकलात की हरलात, मला सांगता येत नाही. पण हे मला आधी सांगितलं असतंत तर मी ते तुमच्याकडून हळू आवाजात वदवलं असतं."

निकालाला महिना लागला. त्या महिन्यात मी दुकानात बसत होतो, पण एकदाही भाव केला नाही. जो जे सांगेल ते देत होतो, जो जे देईल ते घेत होतो. रोज संध्याकाळी विहिरीच्या कठड्याला हात लावून येत असे. मुलीने एकदा ते पाहिले आणि काही न विचारता आत गेली.

दावा फेटाळला गेला. वकिलाने निकालपत्र ओट्यावर बसून मला तमिळमध्ये अर्थ सांगत वाचून दाखवले. वडिलांची भांडी सिद्ध झाली नाहीत. पहिली उचल आपण दिली, ही म्हाताऱ्या ओताऱ्याची साक्ष विश्वासार्ह. राहता राहिली पत्रिका. तिच्याविषयी न्यायाधीशांनी लिहिले होते की प्रतिवादीच्या नावाला गावात काही प्रतिष्ठा नव्हती, म्हणून त्याने थोरल्या भावाचे नाव वापरले, असे त्याने शपथेवर कबूल केले आहे. आणि कोणी माणूस स्वतःची अशी नामुष्की रचून सांगत नाही, सबब ते खरे मानावे लागते.

"सातवं पान," वकील म्हणाला. "त्या पानानं तुम्हाला घर दिलं. आणि रायर, एक सांगतो. त्यांनी सुपारीचा विषय काढला नसता तर विधुराची सबब घेऊन आपण दोघं बुडालो असतो. तो त्यांना तुमच्या भावानंच सांगितला असणार."

घर मला अण्णाच्या तोंडून मिळाले, हे मी आजही मानत नाही. घर मी घेतलेले होते, ते माझेच होते.

अपिलाची मुदत होती. ते दिवस मी एकेक करून काढले. मुदत संपली त्या दिवशी मी वकिलाच्या गुमास्त्याला तीनदा कोर्टाच्या कचेरीत पाठवले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, आता मलाच आत ठेवून घेतील. अपील झाले नव्हते. अण्णाने ते का केले नाही, हे मी त्याला विचारलेले नाही. नदीवर तो सकाळी ज्या पायऱ्यांवर स्नान करतो तिथे मी जात नाही.

मुलीचे लग्न ठरत होते तेव्हा नवऱ्या मुलाचे वडील तिरुविडैमरुदूरहून आले. निवृत्त मास्तर, इंग्रजी जाणणारे, कागद पारखून घेणारे. "घरावर कज्जा झाला होता असं ऐकतो," ते म्हणाले. मी हुकूमनाम्याचा एक कागद पुढे केला. वकिलाने मला शिकवून ठेवले होते की तेवढाच दाखवायचा. त्यांनी तो वाचला आणि सभ्यपणे म्हणाले, "निकालपत्रही असेल ना?"

नाही म्हणता आले नाही. पेटीतून नक्कल काढून दिली. ते ओट्यावर बसले, चष्मा लावला आणि एकेक पान उलटू लागले. मी खांबाजवळ उभा होतो. पाचवे पान, सहावे पान. सातव्या पानावर त्यांचे बोट थांबले, मागे गेले, पुन्हा त्याच ओळींवरून फिरले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले नाही. पुढचे पान उलटले.

"कागद स्वच्छ आहेत," शेवटी ते म्हणाले.

लग्न झाले. मुलगी सुखात आहे. व्याही सणासुदीला येतात, मला मान देतात, त्या पानाविषयी आजवर एक अक्षर बोललेले नाहीत. पण ते पंक्तीत शेजाऱ्याच्या कानाशी लागून काही बोलू लागले की मी वाढता वाढता थांबतो आणि तो शेजारी मान वळवून माझ्याकडे पाहतो का, ते बघत राहतो.